बाळशास्त्री जांभेकर आणि कुलाब्याचा लोहचुंबक

इ. स. १८४३ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात एका अल्पवयी ब्राह्मण मुलाविषयी खटला चालला. मुलाचे नाव श्रीपत शेषाद्री. त्याचे वडील बंधू नारायण यांनी त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात बाप्तिस्मा घेतला होता, आणि श्रीपतही घर सोडून मिशनरी साहेबांकडे राहावयास गेला होता. बापाने फिर्याद केली व न्यायाधीशांनी मुलाला बापाच्या हवाली केले. हेच नारायण शेषाद्री पुढे रेव्हरंड झाले व त्यांनी जालन्याजवळ बेथेल गाव वसविले, हे आमच्या जिल्ह्यातील मंडळ्यांस सांगावयास नको. श्रीपत घरी परत गेल्यावर त्याला जातीत घ्यावे की न घ्यावे असा मोठा वाद मुंबईच्या ब्राह्मणांत माजला, आणि घ्यावे असे म्हणणाऱ्या पक्षाचे पुढारी बाळ गंगाधरशास्त्री जांभेकर हे होते.

यामुळे आमच्या लोकांत बाळशास्त्र्यांचे नाव निघालेच तर ते विरोधी पक्षातील गृहस्थ म्हणून निघावे, हे साहजिक आहे. परंतु ज्याच्याशी आपला मतभेद आहे त्याचे सबंध चरित्र ठाऊक असणे उपदेशकास तरी अवश्य आहे. त्यांच्या चरित्रात एक भाग असा आहे की तो मराठी शाळेच्या पुस्तकांतही फारसा आढळत नाही. तो म्हणजे मुंबईच्या दक्षिण टोकास कुलाबा येथे जी वेधशाळा होती तिचा कारभार. तेथे रेशमाच्या धाग्याने टांगलेल्या लोहचुंबकाकडे रात्रंदिवस पाहून त्याची हालचाल लिहून ठेवीत असत. लोहचुंबक म्हणजे काय व तो कसा करितात, हे या निमित्ताने वाचकांस सांगता येईल.

बाळशास्त्र्यांचा जन्म इ. स. १८१२ मध्ये कोकणात, देवगड तालुक्यातील पोंभुर्ले या खेड्यात झाला. वडील गंगाधरशास्त्री विद्वान होते. त्यांच्याजवळ मुलाचे मराठी व संस्कृत अध्ययन घरीच झाले. सन १८२५ च्या सुमारास मुलगा मुंबईस आला. तेथे सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे यांनी त्यास आश्रय दिला. बापू छत्रे हे मुलांसाठी मराठीत पुस्तके लिहिणारे पहिल्या पिढीतील गृहस्थ होत. त्यांच्या आश्रयास राहून बाळशास्त्र्यांनी इंग्रजी व गणित यांत इतक्या त्वरेने गती मिळविली की थोड्याच वर्षांत शिक्षण मंडळीच्या चिटणिशीचे काम त्यांजकडे आले. ता. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी दर्पण हे पत्र काढिले. एका बाजूस मराठी व दुसऱ्या बाजूस इंग्रजी असे ते छापीत. मराठी वर्तमानपत्रांचा आरंभ या दिवसापासून मोजितात. सन १८३४ मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, ते एल्फिन्स्टन विद्यालयात दुय्यम प्रोफेसर झाले. या देशाच्या रहिवाशास तेथे असा मान पूर्वी मिळाला नव्हता.

दर्पण निघाले त्याच सुमारास, म्हणजे सन १८३१ च्या अखेरीस, लंडन शहरात मायकेल फॅरडे या गृहस्थाने तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबक आत-बाहेर केला असता तारेत वीज उत्पन्न होते असे दाखविले. फॅरडे हा लोहाराचा मुलगा. लहानपणी तो पुस्तके बांधणाऱ्याच्या दुकानात उमेदवार होता, आणि पुढे मोठी कीर्ती झाल्यावरही एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचा वडील या नात्याने तो उपासनेत उपदेश करीत असे. ज्यांच्या घरी भाता आणि ऐरण आहे अशा आमच्या बांधवांनी हे नाव मुलांस अवश्य सांगावे. त्या काळी चुंबकाची विद्या युरोपात एकाएकी जागी झाली होती, आणि तिची लाट बारा वर्षांच्या आत मुंबईपर्यंत येऊन पोहोचली.

ती कशी, ते सांगतो. नाविकांस होकायंत्राची सुई उत्तरेकडे तोंड करिते हे शेकडो वर्षे ठाऊक होते. इंग्लंडातील गिल्बर्ट नावाच्या वैद्याने सन १६०० मध्ये ग्रंथ लिहून असे सिद्ध केले की सुईला ओढणारा आकाशातील तारा नव्हे किंवा उत्तरेकडील लोखंडाचा डोंगरही नव्हे, तर आपली पृथ्वी हीच एक प्रचंड लोहचुंबक आहे. पुढे असे आढळले की सुई नेमकी उत्तर दाखवीत नाही, ती किंचित बाजूस असते; हे अंतर गावोगावी निराळे असते आणि वर्षानुवर्षे बदलते. इतकेच नव्हे, तर दिवसाच्या भरात सूर्याबरोबर सुई अगदी थोडी एकीकडे सरते व पुन्हा परत येते. एका ठिकाणी बसून या गोष्टीचे कारण कळणे शक्य नव्हते. म्हणून जर्मनीतील गटिंगेन येथील गाउस व वेबर या दोघां पंडितांनी देशोदेशी एकाच वेळी सुई पाहण्याची व्यवस्था सुरू केली. पुढे इंग्लंडातील विद्वानांच्या आग्रहावरून कंपनी सरकारनेही सिमला, मद्रास, सिंगापूर व मुंबई येथे चुंबकाच्या वेधशाळा उभारण्याचे ठरविले.

कुलाब्याची वेधशाळा सन १८२६ मध्ये तारे पाहण्यासाठी व जहाजांस वेळ दाखविण्यासाठी बांधिलेली होती. तेथे सन १८४१ मध्ये एल्फिन्स्टन विद्यालयातील ज्योतिषाचे प्रोफेसर ऑर्लिबार साहेब यांनी चुंबकाचे वेध घेण्यास आरंभ केला. बाळशास्त्री हे ऑर्लिबार साहेबांचे त्याच विद्यालयातील सोबती. गणितात त्यांचा हात धरील असा मनुष्य एतद्देशीयांत नव्हता. शून्यलब्धि या कठीण गणितावर मराठीत पुस्तक लिहिण्याचे धाडस त्यांनीच केले होते. काही काळ या वेधशाळेचा कारभार त्यांजकडे सोपविण्यात आला. बापू छत्रे यांचे पुतणे व बाळशास्त्र्यांचे शिष्य केरो लक्ष्मण छत्रे हेही तरुणपणी तेथे नोकरीस होते. पुढे पुण्यात केरूनाना या नावाने प्रसिद्ध झालेले गणिती ते हेच. काकाने ज्या मुलास आश्रय दिला, त्याच मुलाने मोठेपणी पुतण्यास विद्या दिली.

अशा वेधशाळेत काम कसे चालते ते वाचकांनी मनात आणावे. पोलादाचा एक चुंबक रेशमाच्या धाग्याने असा टांगलेला असतो की त्याला इकडे-तिकडे फिरण्यास काहीच अडथळा नसावा. वारा लागू नये म्हणून तो पेटीत बंद असतो. त्यावर लहानसा आरसा बसविलेला असतो, आणि काही हात दूर दुर्बीण रोविलेली असते. पाहणारा त्या दुर्बिणीतून आरशात उमटलेल्या मापाच्या पट्टीवरील आकडा वाचितो. जवळ गेल्यास अंगावरील लोखंडानेच चुंबक ढळेल, म्हणून ही योजना. किल्ल्या, चाकू, जोड्याचे खिळे, सर्व बाहेर ठेवून मग आत शिरावयाचे. चुंबक उत्तरेपासून किती ढळला, खाली किती झुकला, त्यास ओढणारा जोर किती, हे ठरलेल्या वेळी, रात्री आणि पावसाळ्यातसुद्धा, लिहावयाचे. नेमलेल्या दिवशी तर सर्व देशांत एकाच वेळी, काही मिनिटांच्या अंतराने, सबंध अहोरात्र पहारा करावयाचा. त्यातून लगेच काही निष्पन्न होत नसे. आकड्यांचे तक्ते मात्र भरत जात.

आता चुंबक म्हणजे काय? प्रत्येक चुंबकास दोन टोके असतात. मोकळा टांगला असता एक उत्तरेकडे व दुसरे दक्षिणेकडे वळते. दोन चुंबकांची सारखी टोके एकमेकांस लोटितात, भिन्न टोके एकमेकांस ओढितात. चुंबक मधोमध मोडिला तर एकट्या उत्तर टोकाचा तुकडा हाती येईल असे वाटते; तसे होत नाही. दोन्ही तुकडे पुरते चुंबक होतात, प्रत्येकास पुन्हा दोन टोके असतात. कितीही बारीक तुकडे केले तरी तेच. यावरून विद्वानांनी ताडिले की लोखंडाचा कण न् कण मुळातच चुंबक असला पाहिजे, आणि ते खरे ठरले. अणूमध्ये जे अतिसूक्ष्म विद्युत्कण असतात त्यांच्या अंगीच हा गुण आहे.

मग घरातील विळी, कुऱ्हाड, नांगराचा फाळ हे खिळे का ओढीत नाहीत? कारण त्यांतील कणांचे थवे निरनिराळ्या दिशांस तोंड करून बसलेले असतात. आठवड्याच्या बाजारात शेकडो माणसे असतात, पण कोणी धान्याकडे पाहतो, कोणी बैलाकडे, कोणी शेजाऱ्याशी बोलतो. त्यांच्या तोंडांची एक दिशा होत नाही. तीच माणसे मंदिरात बसली म्हणजे सर्वांची तोंडे एकीकडे होतात. लोखंडातील थव्यांची तोंडे अशी एकीकडे वळविणे, यालाच चुंबक करणे म्हणतात. नवे काही त्यात ओतावे लागत नाही.

जुनी रीत घासण्याची. पाणी दिलेल्या पोलादाची सुई किंवा दाभण घ्यावे व फळीवर ठेवावे. तयार चुंबकाचे एक टोक त्याच्या एका टोकास टेकवून दुसऱ्या टोकापर्यंत ओढीत न्यावे; तेथे उचलून हवेतून परत आणावे, आणि पुन्हा त्याच बाजूने ओढावे. माघारी घासू नये, नाही तर केलेले काम मोडते. वीस-तीस वेळा असे केले म्हणजे सुई चुंबक होते. चुंबकाच्या उत्तर टोकाने घासले असेल, तर घासणे जेथे संपते ते टोक दक्षिण होते. मग ती सुई हलक्या भेंडाच्या किंवा बुचाच्या तुकड्यावर आडवी ठेवून पितळेच्या थाळीतील पाण्यावर सोडावी. ती वळून उत्तर-दक्षिण स्थिर होईल. शाळामास्तरांनी हा प्रयोग मुलांपुढे अवश्य करावा. खर्च एका सुईचा आहे.

मऊ लोखंड आणि पोलाद यांत मोठा भेद आहे. मऊ लोखंड चुंबकाजवळ येताच चुंबक होते आणि दूर जाताच ते विसरते. पाणी दिलेले कठीण पोलाद सहजी वळत नाही, पण एकदा वळले म्हणजे धरून ठेविते. म्हणून टिकाऊ चुंबक पोलादाचे करीत. लोहाराच्या कामातही हा प्रकार आपोआप घडतो. तापलेली कांब उत्तर-दक्षिण ठेवून ठोकली व तशीच निवू दिली, तर पृथ्वीच्या ओढीने तिच्यात थोडा चुंबकपणा शिरतो. गिल्बर्टने हे आपल्या ग्रंथात चित्रासह दाखविले आहे. उलट, चांगला चुंबक भट्टीत लालभडक केला तर त्याचा सर्व गुण जातो. लोखंडाच्या बाबतीत ही मर्यादा ७७० अंश सेंटिग्रेडच्या आसपास आहे. इतक्या उष्णतेत कणांची चळवळ अशी वाढते की एकीकडे तोंड राहत नाही. जोराने आपटल्यानेही चुंबक दुबळा होतो.

सन १८२० मध्ये डेन्मार्कातील अर्स्टेड याने विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई फिरते हे पाहिले, आणि त्यावरून दुसरी रीत निघाली. मऊ लोखंडाच्या दांड्याभोवती तारेचे वेटोळे घालून वीज सोडिली की तो बलवान चुंबक होतो. वीज बंद केली की पुन्हा साधा दांडा. भंगार लोखंडाचे ढीग उचलून सोडणाऱ्या यारीच्या टोकाशी असाच चुंबक असतो, आणि जालन्याच्या पोलादी कारखान्यांत काम करणाऱ्या आमच्या तरुणांस त्याचा उपयोग समजावून सांगणे नलगे. वेटोळ्यात कठीण पोलाद ठेविले तर ते कायमचे चुंबक होऊन बाहेर येते. हल्लीचे काळे चुंबक लोखंडाच्या गंजासारख्या भुकटीत बेरियम किंवा स्ट्रॉन्शियम या धातूंचा अंश मिसळून, दाबून, भाजून करितात. सन १९८० नंतर निघालेले निओडिमियम धातूचे चुंबक तर इतके जोरदार असतात की दोहोंमध्ये बोट सापडल्यास दुखापत होते. या सर्वांस शेवटी विजेच्या वेटोळ्यात क्षणभर जबर प्रवाह सोडूनच चुंबक करितात.

येथे आमच्या जिल्ह्याविषयी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. कुंडलिका किंवा दुधना नदीच्या वाळूत चुंबक फिरविला तर त्यास काळी बारीक रेती मिशांसारखी चिकटते. आपला काळा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून तप्त रस होऊन वर आला. तो निवताना त्यातील लोहकणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकाप्रमाणे तोंडे केली व तशीच ती धरून ठेविली. सन १९५० नंतरच्या दशकात विद्वानांनी दख्खनच्या खडकांचे तुकडे नेऊन हे मोजले, तेव्हा असे आढळले की त्या काळी आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती आणि तेथून सरकत येथवर आली. याकोबाने उशाशी धोंडा घेतला त्या जागेस बेथेल हे नाव पडले. आमच्या बेथेलच्या धोंड्यांतही अशी आठवण साठविलेली आहे, हे बेथेल वसविणाऱ्या रेव्हरंड नारायणरावांस कळते तर त्यांस आनंद झाला असता.

बाळशास्त्र्यांस यातील पुष्कळ गोष्टी ठाऊक असणे शक्य नव्हते. त्या काळी तर पृथ्वी चुंबक का आहे हेही उकलले नव्हते. पृथ्वीच्या पोटात सुमारे २,९०० किलोमीटर खोल वितळलेले लोखंड हलते आणि त्यात विजेचे प्रवाह चालतात, हे ज्ञान पुष्कळ पुढचे. त्यांच्या हाती आकडे होते, आणि ते आकडे प्रामाणिकपणे भरून ठेवणे एवढेच काम होते. त्याच वर्षांत दिग्दर्शन हे मासिक काढून त्यांनी सृष्टिशास्त्र, भूगोल, इतिहास यांचे निबंध मराठीत दिले. विधवांच्या पुनर्विवाहाविषयी लिहिले. शिलालेख व ताम्रपट वाचून त्यांवर निबंध केले, आणि सन १८४५ मध्ये ज्ञानेश्वरीची छापील प्रत प्रसिद्ध केली. शाळांस मास्तर मिळावे म्हणून मास्तरांचा वर्ग चालविला.

आता श्रीपताच्या प्रकरणाकडे वळतो. आमच्या दृष्टीने ही दुःखाची हकीकत आहे, कारण एक मुलगा आपल्या आवडत्या भावापासून तोडला गेला. परंतु बाळशास्त्री कोणाशी झगडत होते हेही पाहावे. मुलगा कोर्टाने परत दिल्यावर त्यांचा झगडा मिशनऱ्यांशी उरला नव्हता. तो त्यांच्याच जातीतील शास्त्री व गृहस्थ यांच्याशी होता. ख्रिस्ती लोकांच्या घरी जेवलेला मुलगा कायमचा भ्रष्ट झाला, त्यास घरात घेऊ नये, असे त्यांचे म्हणणे. अल्पवयी मुलास प्रायश्चित्त देऊन पदरात घ्यावे असे बाळशास्त्र्यांनी धर्मग्रंथांच्या आधाराने मांडिले. त्याबद्दल त्यांस बहिष्काराची भीती घालण्यात आली आणि नाना प्रकारे छळण्यात आले; तरी ते मागे हटले नाहीत. पाणवठा बंद होणे आणि भाऊबंदांनी तोंड फिरविणे म्हणजे काय, हे आमच्या मंडळ्यांतील वृद्धांस वेगळे सांगावे लागत नाही. नारायणरावांनी एका वाटेने जे सोसले, त्याचा वाटा बाळशास्त्र्यांस दुसऱ्या वाटेने मिळाला. त्यांनी नारायणरावांची वाट धरिली नाही याचे आम्हांस वाईट वाटते. परंतु ते मुलाचे वैरी होते असे म्हणणे न्यायाचे होणार नाही.

एवढ्या कामाच्या भाराने त्यांची प्रकृती खचली. सन १८४६ च्या मे महिन्यात ज्वराने त्यांचा अंत झाला. वय अवघे चौतीस वर्षांचे होते.

कुलाब्याची सुई मात्र थांबली नाही. सन १८४५ नंतर तेथील नोंदी अखंड होऊ लागल्या. ता. २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरील मोठ्या उत्पाताचा धक्का पृथ्वीस लागला, तेव्हा ओढणाऱ्या जोरात एकाएकी जी प्रचंड घट झाली ती कुलाब्यास टिपली गेली. इतक्या मोठ्या घटीचे वेध जगात दुसरीकडे क्वचितच मिळाले, म्हणून आजही विद्वान तो तक्ता काढून पाहतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने चुंबक बिघडेल, म्हणून पारशी विद्वान नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली समुद्रापलीकडे अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारण्यात आली. तिच्या चुंबकगृहात लोखंड वापरलेले नाही. सन १९०४ पासून दोन वर्षे दोन्ही ठिकाणी बरोबरीने वेध घेतले, जुने-नवे आकडे जुळविले, आणि मग चुंबकाचे काम कुलाब्याहून अलिबागेस गेले. मुंबईत विजेची ट्राम सन १९०७ मध्ये धावली. सन १९७१ मध्ये ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आली. केरूनाना छत्र्यांचे जन्मगाव नागाव तेथून जवळच आहे. अलिबागेस वेध घेण्याचे काम अद्यापि चालू आहे.